पाठीचा कणा आणि क्षणाचा प्रमाद
मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. परंतु त्यास इजा झाली की इजेच्या खालील अंगाची हालचाल, संवेदना आणि मलमूत्रावरील ताबा हरपू शकतो. आपल्याकडील रुग्णालयांत अशा रुग्णांमध्ये तरुण पुरुष अधिक आढळतात. उंचावरून पडणे आणि रस्त्यावरील अपघात ही प्रमुख कारणे. झाड, बिनकठड्याची गच्ची, बांधकामाची परांची, विहीर ही सारी ठिकाणे ओळखीचीच आहेत. उतारवयात ओल्या फरशीवरून घसरणेही मानेला घातक ठरते. मणक्याचा क्षय आघाताविनाही पांगळेपण आणतो. मात्र वेळीच उपचार झाल्यास तो बरा होतो.

पुष्कळदा मदतीच्या घाईनेच हानी वाढते. जखमीला हातपाय धरून उचलू नये, बसवू नये. मान व पाठ एका रेषेत स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ईर्यासमिती पावलापुढची भूमी पाहून चालावयास शिकविते, ती जीवरक्षणासाठी. तीच दक्षता गच्चीवर आणि रस्त्यावरही हवी. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी न पालटल्यास शय्याव्रण होतात आणि ते प्राणावर बेततात. रात्री उठून ती कूस पालटणे, हेही वैयावृत्त्यच. आणि वैयावृत्त्य हे आपल्याकडे अंतरंग तप मानले आहे.