गोगलगाईंच्या टाकीतील कृमी : औषधापूर्वीचा विचार

शंबूक आपल्याला परिचित आहे तो भस्माच्या रूपाने. परिणामशूळ व अम्लपित्त यांत शंबूकभस्माची योजना करणारे वैद्य आजही आहेत. मात्र आता जिवंत गोगलगाईही काचेच्या टाकीतून घराघरांत आल्या आहेत. वर्धा शहराला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघे परिसरातही हा छंद दिसतो. टाकीत पांढरे जंत वळवळू लागले की पालक पशुवैद्यकाकडे न जाता पुष्कळदा आयुर्वेदीय औषधी दुकानात येतात. वावडिंग पोटातील जंत पाडते, तर तेच पाण्यात का टाकू नये, असा त्यांचा तर्क असतो. या तर्काला घाईने होकार दिल्यास जंतांच्या आधी गोगलगाईच मरण्याचा संभव असतो. म्हणून या विषयाचा विचार सर्व वैद्यमित्रांसमोर व औषधी विक्रेत्यांसमोर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कृमिघ्न द्रव्य आणि मृदुकाय प्राणी

कृमिघ्न द्रव्य हे गोगलगाईस निरुपद्रवी असते, असे मानण्यास काहीही आधार नाही. उलट पुरावे पुष्कळ आहेत. निक्लोसामाइड हे आधुनिक वैद्यकात पट्टकृमींवर दिले जाणारे औषध. तेच औषध जलाशयांतील रोगवाहक गोगलगाई मारण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेले आहे. गोरखपूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कडुनिंब, लसूण इत्यादी वनस्पतींचा अभ्यास झाला, तो यकृतकृमींच्या वाहक गोगलगाईंच्या नाशासाठीच. मोरचुदाची ख्याती तर सर्वश्रुत आहे.

सुपारीचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. तिच्यातील अरेकोलीन हे सत्त्व पूर्वी कुत्र्यांतील पट्टकृमी पाडण्यासाठी वापरीत. टाकीतील प्लॅनेरिया मारण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांतही सुपारीचा अर्क असतो. परंतु अरेकोलीनचा परिणाम मज्जा व स्नायूंवर होत असल्याने अनेक गोगलगाई त्याने निश्चेष्ट होतात. तेव्हा ‘वनस्पतिजन्य आहे, म्हणून निर्धोक आहे’ हे वाक्य विक्रेत्यांनी तरी उच्चारू नये.

प्रथम निदान

टाकीतील प्रत्येक जंत शत्रू नसतो. केसासारखे बारीक, पाण्यात नागमोडी पोहणारे किंवा वाळूतून डोके काढणारे जंत हे बहुधा कुजका कचरा खाणारे असतात. ते गोगलगाईस इजा करीत नाहीत; अन्न जास्त पडते आहे एवढीच सूचना देतात. प्लॅनेरिया हा चपटा असतो, काचेवरून संथपणे सरकतो. त्याचे डोके त्रिकोणी असून त्यावर दोन ठिपक्यांसारखे डोळे दिसतात. तो गोगलगाईंची अंडी व कोवळी पिले यांस त्रास देऊ शकतो. त्यास चिरडू नये. त्याच्या तुकड्यांतून नवे जीव तयार होतात.

तिसरा प्रकार गोगलगाईचे रस शोषणाऱ्या लहान, चपट्या जळवांचा. दोन्ही टोकांस चूषक, मापे घेत चालल्यासारखी गती आणि पोटाशी पिले बाळगण्याची सवय, या खुणांवरून त्या ओळखता येतात. रक्तमोक्षणासाठी आपण वापरतो त्या जळवांहून या निराळ्या असून चिकित्सेस निरुपयोगी आहेत. चौथा प्रकार कीटोगॅस्टर नावाच्या सूक्ष्म जंताचा. शिंपल्याच्या कडेशी त्याचे पांढरे धागे हलताना दिसतात. त्याची एक जात गोगलगाईच्या शरीरात शिरू पाहणारी परोपजीवी पिले खाऊन टाकते. म्हणजे थोड्या संख्येत तो रक्षकच ठरतो.

त्रिविध चिकित्सा

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमींची चिकित्सा अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानोक्त भावांचे अनुपसेवन अशी तीन प्रकारे सांगितली आहे. टाकीलाही हाच क्रम लागू पडतो, असे आमचे मत आहे.

अपकर्षण म्हणजे बाहेर काढणे. लहान बाटलीच्या झाकणास बारीक छिद्रे पाडून आत मांसाचा तुकडा ठेवावा व ती रात्रभर टाकीत बुडवून ठेवावी. सकाळी आत जमलेल्या प्लॅनेरियांसह ती बाहेर काढावी. असे अनेक रात्री करावे. वाळूतील जंत सायफन नळीने मळासह ओढून घ्यावेत. जळवा मऊ कुंचल्याने किंवा बोथट चिमट्याने एकेक काढाव्यात. मिठाचे पाणी वापरू नये. गोगलगाईस ते सोसत नाही.

प्रकृतिविघातासाठी आचार्यांनी कटु, तिक्त, कषाय, क्षार व उष्ण द्रव्ये सांगितली आहेत. येथेच मोठा भेद आहे. मनुष्याच्या कोष्ठात औषध जाते तेव्हा रुग्ण व कृमी यांची शरीरे आणि त्यांची सहनशक्ती भिन्न असते. टाकीत मात्र रक्षणीय गोगलगाय आणि वध्य जंत एकाच पाण्यात बुडालेले असतात आणि दोघांचीही त्वचा उघडी असते. म्हणून कोणतेही औषध टाकण्यापूर्वी गोगलगाई त्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्यात वेगळ्या ठेवाव्यात. पशुवैद्यकात वापरले जाणारे फेनबेंडाझोल प्लॅनेरियावर गुणकारी आहे, पण ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे. त्याचा अंश वाळूत दीर्घकाळ राहतो आणि जंतांच्या अंडकोषांवर त्याचा भरवसा नसतो. म्हणून पुनःप्रयोग व वारंवार पाणी पालटणे आवश्यक ठरते. त्यापेक्षा वाळू बाहेर काढून उकळत्या पाण्याने धुणे आणि रिकामी टाकी वर्ध्याच्या उन्हात पूर्ण वाळविणे हा उपाय सोपा व स्वस्त आहे.

अनुपसेवन हेच खरे मूळ. गोगलगाई तासाभरात संपवतील एवढेच अन्न द्यावे, उरलेले काढून टाकावे. उन्हाळ्यात येथे अन्न फार लवकर कुजते, हे ध्यानी ठेवावे. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे. क्लोरीनयुक्त नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. नव्या वनस्पती व नव्या गोगलगाई काही आठवडे वेगळ्या ठेवून निरखाव्यात. कवच दृढ राहावे म्हणून समुद्रफेनाचा तुकडा पाण्यात ठेवता येतो. हे द्रव्य आपल्या दुकानात असतेच, आणि टाकीसाठी ते निःशंकपणे विकता येईल.

मनुष्याच्या आरोग्याशी संबंध

तळ्यातून वा ओढ्यातून आणलेली गोगलगाय टाकीत सोडू नये. गाडगीळ व शहा यांनी १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे मनुष्यातील शिस्टोसोमाचे स्थानिक केंद्र नोंदविले. या कृमीची पिले गोड्या पाण्यातील गोगलगाईतून बाहेर पडून मनुष्याच्या त्वचेतून आत शिरतात. गुरांच्या व पक्ष्यांच्या अशाच कृमींची पिले मनुष्याच्या त्वचेत शिरून खाज व पुरळ उठवितात. ही पिले नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीत. म्हणून टाकी स्वच्छ दिसली तरी हातावर जखम असल्यास पाण्यात हात घालू नये, आणि काम होताच साबणाने हात धुवावेत. टाकी हाताळणाऱ्या रुग्णाच्या हातावर खाज व पुरळ आढळल्यास वैद्यांनी हा प्रश्न अवश्य विचारावा.

जलौकावचारण करणाऱ्या वैद्यांसाठी एक सूचना अधिक. जळवांच्या घटात बाहेरच्या गोगलगाई किंवा पाणवनस्पती टाकून नवे कृमी आत आणू नयेत. सुश्रुताचार्यांनी जळवांचे पाणी व अन्न दर तिसऱ्या दिवशी बदलण्यास आणि दर सात दिवसांनी घटच पालटण्यास सांगितले आहे. या नियमात कोणतेही औषध नाही. केवळ स्वच्छता आणि नियमितपणा आहे. गोगलगाईंची टाकी असो वा जळवांचा घट, विक्रेत्याने ग्राहकास पुडी देण्यापूर्वी हाच नियम समजावून सांगावा, अशी आमची विनंती आहे.