दुखत नाही, म्हणून तपासत नाही?

बाबासाहेबांना मधुमेह होता. ६५ व्या वर्षी आपण त्यांना गमावलं. तोच आजार आज आपल्या वस्तीत घरोघरी आहे. विहारात आम्ही बीपी-शुगर तपासायला बसतो, तेव्हा आयाबहिणी म्हणतात, "मला काय झालंय? काही दुखत नाही." पण बीपी आणि शुगर सुरुवातीला दुखतच नाहीत, गुपचूप किडनी, डोळे आणि हृदय पोखरतात.

म्हणून तिशी ओलांडली की वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात तपासणी करा. बीपी १४०/९० किंवा उपाशीपोटी शुगर १२६ आणि त्यापुढे आली, तर डॉक्टरांना दाखवा. सुरू केलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.

मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभरही नको. त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकट-बोंबील सगळं आलं. रोज अर्धा तास भरभर चाला.

आणि पाचवं शील दारूपुरतं ठेवू नका. मिश्री, तंबाखू, गुटखा हीसुद्धा नशाच. येत्या पौर्णिमेला वंदनेआधी घरातली मिश्रीची डबी रिकामी करा आणि वंदनेनंतर सासूबाईंना, आईला सोबत घेऊन बीपी मोजून घ्या.