बी न धरणारं पीक

सोयाबीन पेरायला एकरी तीस किलो बियाणं पुरतं. हळदीला लागतं साधारण दहा क्विंटल बेणं. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, औंढा, कळमनुरी या पट्ट्यातला हळदवाला फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी करतो, तेव्हाच बेण्यासाठी जेठे (मुख्य) गड्डे आणि बगल (बाजूचे) गड्डे वेगळे काढतो. सावलीत ढीग लावून त्यावर हळदीचाच पाला झाकतो आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत ते राखतो. एवढा माल विकायचा सोडून मातीत परत घालायचा, हा खर्च काही थोडाथोडका नाही.

त्याचं मूळ कारण पेशीत आहे. हळदीच्या पेशीत सहसा 63 गुणसूत्रं असतात, म्हणजे 21 चे तीन संच. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळून त्यांची समान वाटणी व्हावी लागते. तिघांत जोड्या जुळत नाहीत आणि वाटणी फसते. म्हणून पावसाळ्याच्या उत्तरार्धात हळदीला दांडा येतो, फुलंही येतात, पण बी क्वचितच धरतं. वसमत-अर्धापूर भागातली केळीही याच दुखण्याची: तिच्या पेशीत 33 गुणसूत्रं, 11 चे तीन संच. दोन्ही पिकं माणसाने कंद आणि मुनवे लावूनच पुढे नेली.

याचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. तमिळनाडूतल्या सेलमचं नाव घेऊन आलेली हळद हिंगोलीत रुजली. त्या वाणाचं प्रत्येक रोप म्हणजे आधीच्या रोपाचा तुकडा. शेजारच्या दोन शेतांतली सेलम एकाच मूळ बेण्यातून आलेली असेल, तर त्यांची जनुकं जवळजवळ एकच. मग एकाची हळकुंडं जाड आणि गडद, दुसऱ्याची बारीक का? फरक जमीन, पाणी, खत, काढणीची वेळ आणि शिजवण यांतला. शिवाय एक धोका असा, की बेण्यातून कंदकूजही वारशाने मिळते.

मग नवा वाण आणायचा कुठून? एक मार्ग म्हणजे शेतात सापडणारी चांगली रोपं निवडून वाढवणं. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातली ‘फुले स्वरूपा’ ही अशा निवडीतूनच आली. दुसरा मार्ग किरणांचा. तमिळनाडूची ‘बीएसआर-1’ आणि ओडिशाची ‘सुरोमा’ हे वाण क्ष-किरणांनी बेण्यात बदल घडवून निवडलेले आहेत.

तिसरा मार्ग सर्वांत चिकाटीचा. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेत क्वचित धरणारं बी गोळा करून उगवण्यात आलं. बियांपासूनच्या रोपांत गुणसूत्रांची संख्यासुद्धा एकसारखी राहत नाही. कुठे वाढते, कुठे घटते. त्या गोंधळातून ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ हे वाण निवडले गेले. दोन्हींत कुरकुमीन, म्हणजे हळदीचं पिवळं रंगद्रव्य, सहा टक्क्यांच्या वर. कंदांच्या दुनियेत बी सापडणं ही संशोधकाला लॉटरीच, पण सोडत निघेपर्यंत वर्षं जातात. बियांचं रोप पहिल्या हंगामात लहानच राहतं, मग त्याचे गड्डे वाढवत न्यायचे आणि मग कुठे तुलना करायची.

हळदीचा पिवळेपणा या कुरकुमीनमुळेच. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी हळदीतल्या दोन एन्झाइमांचं काम उलगडलं. पहिलं अर्धा सांगाडा जुळवतं, दुसरं त्याला उरलेला तुकडा जोडून रेणू पुरा करतं. 2021 मध्ये भोपाळच्या आयसर या संशोधन संस्थेतील संशोधकांनी हळदीचा जनुकसंच प्रसिद्ध केला: सुमारे एक अब्ज अक्षरं आणि 50 हजार जनुकं. आता कोणतं जनुक कोणत्या वाणात, कोणत्या महिन्यात किती चालतं हे मोजता येतं. बाजारात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. त्या रंगामागची यंत्रणा आता अशी वाचता येते. मात्र वाण तोच असला तरी जागा बदलली की कुरकुमीनचं प्रमाण बदलतं. नुसती जनुकं वाचून भाव सांगता येणार नाही.

वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा (हळद) संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारण्याचा निर्णय राज्याने 2022 मध्ये घेतला. अशा केंद्राकडून लोक चमत्कारी वाणाची अपेक्षा धरतात. आधी हवं ते निरोगी बेणं, असं म्हणावंसं वाटतं. ऊतिसंवर्धनाने डोळ्याच्या कोवळ्या टोकापासून रोगमुक्त रोपं करता येतात, गुण तेच राखून. पाठोपाठ जिल्ह्यातल्या ‘सेलम’ नावाच्या सगळ्या बेण्याची डीएनए तपासणी व्हावी. एका नावाखाली किती वाण मिसळलेत ते तरी कळेल.

2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी वायगाव आणि सांगलीच्या हळदीला ते मिळालं होतं. हे मानांकन ठिकाणाशी बांधलेलं असतं, आणि इथे जनुकशास्त्राची मर्यादा दिसते. 2004 मध्ये कोझिकोडच्याच संशोधकांनी बाजारातल्या हळदपुडीचा डीएनए तपासून तीत कचोऱ्याची भेसळ पकडली, कारण कचोरा ही वेगळी जात. पण वसमतच्या सेलमची पूड आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या सेलमची पूड यांत डीएनए बोट दाखवू शकत नाही. ती ओळख शेतमालाच्या नोंदीतून, बाजार समितीच्या पावतीतून आणि पोत्यावरच्या शिक्क्यातूनच सांभाळावी लागते.