पडद्याचा कापलेला काठ

आमच्या अचलपूर-परतवाड्याकडे पूर्वी ज्या भिंतीवर कॅलेंडर असे, तिथे आता सपाट टीव्ही असतो. त्याला कॉम्प्युटर जोडायची लाट आली ती २०२०च्या टाळेबंदीत. पोरांची शाळा मोबाइलच्या पडद्यात मावेना, तेव्हा कोणी भाच्याचा लॅपटॉप आणला, बाजारातून एचडीएमआयची तार आणली, दोन्ही टोके खोचली. चित्र आले. चित्र आले म्हणजे काम झाले, असा आपला सर्वांचा समज. पण वाचकहो, चित्र येणे आणि ते नीट येणे यांत बरेच अंतर असते.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका संत्रा बागाईतदाराकडे वाटणीची बैठक होती. दोन भाऊ आणि एक बहीण. २००५च्या कायदादुरुस्तीने मुलीचाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क मान्य केला, म्हणून बहीणही बरोबरीने बसलेली. मी बँकेतून निवृत्त झालेला, म्हणून कागद वाचायला मला बोलावले. डिजिटल सहीचा सातबारा २०१८पासून घरबसल्या मिळतो. तो सर्वांना एकदम दिसावा म्हणून टीव्हीवर उघडला होता. सातबाऱ्यात उजव्या अंगाला कुळ, खंड व इतर अधिकारांचा रकाना असतो आणि कर्जाचा बोजा तिथेच चढतो. नेमका तो रकाना काठाशी कापला गेलेला. आकड्यांची शेवटची शून्ये दिसेनात. पान लहान केले, तर अक्षर वाचवेना.

‘‘दादा, बोजा किती हाय ते तं दिसूनच नाही रायलं,’’ बहीण म्हणाली.

‘‘अवं, टीव्हीच तसा हाय.’’

‘‘टीव्ही कसा काय तसा राहीन?’’

प्रश्न साधा होता, पण खोलीतली हवा बदलली. आतापर्यंत चहा घेणारी माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

टीव्ही खरोखरच तसा असतो, आणि त्याला कारण जुने आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झाले १९७२ साली. त्या काळच्या काचेच्या नळीच्या टीव्हीत विजेचा दाब हलला की चित्र लहान-मोठे होई, कडा वाकड्या दिसत. काळी चौकट दिसू नये म्हणून चित्र मुद्दाम पडद्यापेक्षा थोडे मोठे पसरवत. कडेचा भाग चौकटीआड जाई. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. निवेदिकेच्या मागचा पडदा थोडा कापला गेला तर कोणाचे काय बिघडणार? आजच्या सपाट पडद्याला याची काही गरज नाही. तरीही अनेक संचांत ही खोड चालूच ठेवलेली असते. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंनी शेकडा अडीच टक्के कापले, तरी प्रत्येक बाजूला जवळजवळ एक इंच जातो. तेवढ्यात एखाद्याच्या कर्जाची शून्ये सहज मावतात.

रिमोटवर चित्राच्या आकाराची यादी असते. तीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘डॉट बाय डॉट’ असे काहीतरी सापडते. प्रत्येक कंपनीचे नाव वेगळे, मतलब एक. ते निवडले आणि रकाना पुरा दिसला. बोजा सर्वांनी मोठ्याने वाचला. पुढची वाटाघाट त्यांची त्यांनी केली, ती इथे सांगण्याचे कारण नाही.

काठ परत मिळाला की अक्षरही सुधारते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे २०,७३,६००. कॉम्प्युटरनेही तेवढेच पाठवले, तर ठिपक्याला ठिपका जुळतो. आम्ही लेजर टॅली करायचो तसेच हे. एक नोंद इकडे, एक तिकडे. चित्र ताणले की एका ठिपक्याची शाई शेजारच्यात सांडते आणि अक्षर धुरकट होते. म्हणून कॉम्प्युटरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीच्या पडद्याचेच माप द्यावे, आणि अक्षर मोठे हवे असेल तर माप कमी न करता तिथलेच ‘स्केल’ वाढवावे. ३२ इंचांचे अनेक संच फक्त ‘एचडी रेडी’ असतात, बहुधा १३६६ गुणिले ७६८चे, म्हणजे निम्मेच ठिपके. त्यांच्याकडून फार अपेक्षा करू नये.

रंगाचेही असेच. प्रक्षेपणात उजेड-अंधार पुरा पाठवतात, पण रंग चार ठिपक्यांना मिळून एकदाच. क्रिकेटमध्ये ते कळत नाही, निळ्यावर लाल अक्षर आले की लगेच कळते. पुष्कळ टीव्हींत त्या इनपुटला ‘पीसी’ असे नाव दिले की ही काटकसर थांबते. काळे राखाडी दिसत असेल, किंवा अंधारातले काहीच दिसत नसेल, तर दोन्हीकडची ब्लॅक लेव्हल एकमेकांशी जुळत नाही, असे समजावे. अक्षरांभोवती पांढरी किनार दिसली, तर ‘शार्पनेस’ खाली आणावा. दुकानात झगमगावे म्हणून ठेवलेला ‘व्हिव्हिड’ प्रकार तर घरी आल्या दिवशीच बंद करावा. तार महाग घेऊन चित्र उजळत नाही. डिजिटल तार एक तर नीट चालते, नाही तर ठिणग्या उडवते, नाही तर पडदाच काळा करते. बिनतारी जोडणीत मात्र बहुधा चित्र दाबून पाठवतात. वाचायचे असेल, तर तारच बरी.

एक तक्रार सिनेमावाल्यांसाठी. प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ जवळजवळ चौरस चौकटीतला. आजचा पडदा सोळाला नऊ. पडदा भरावा म्हणून लोक तो ताणतात आणि विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा एखाद्या सावकारासारखे रुंद दिसतात. मूळ प्रमाण ठेवले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात, आणि ते राहू द्यावेत. हे मी शेजारच्या आजींना समजावले. त्यांनी चित्रपट शेवटपर्यंत पाहिला, पदर डोळ्यांना लावला, आणि उठताना मुलाला म्हणाल्या, ‘‘अरे, पैसे तं पुऱ्या टीव्हीचे देल्ले ना तुनं?’’