फक्त 36 गाड्या, म्हणून एवढी किंमत?

2018 साली अमेरिकेतल्या एका लिलावात 1962 ची फेरारी 250 जीटीओ 4.84 कोटी डॉलरला विकली गेली. या गाड्या 1962 ते 1964 दरम्यान जेमतेम 36 बनल्या, म्हणून त्या महाग, असं सहज म्हटलं जातं. मला हे कारण अपुरं वाटतं. पिनिनफारिनाने घडवलेल्या मासेराटी ए6जीसीएस बर्लिनेटा तर चारच आहेत, आणि दिसायलाही अप्रतिम. पण जीटीओच्या किमतीजवळ ती कधी पोहोचली नाही. फरक कर्तृत्वाचा आहे. तीन लिटरच्या व्ही12 इंजिनाच्या जीटीओने 1962, 63 आणि 64 अशी सलग तीन वर्षं आपल्या वर्गाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. शिवाय ती रस्त्यावरही चालवता येत असे.

हा निव्वळ श्रीमंतांचा सट्टा आहे, असा आक्षेप असतो. सट्टा आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. पण मग हुबेहूब प्रतिकृतीला तेवढा भाव का मिळत नाही? पत्रा आज कुणीही तसाच ठोकून देईल. चॅसी क्रमांकाला जोडलेल्या शर्यती, चालक आणि मालकांची नोंद मात्र नव्याने बनवता येत नाही, आणि जाणकार पैसे मोजतात ते त्या नोंदीचे. पत्रा दुरुस्त करता येतो, नोंद तशीच राहते; म्हणूनच काही मालक एवढ्या मोलाच्या जीटीओ आजही इंग्लंडमधल्या गुडवुडच्या शर्यतीत उतरवतात.