गोधडीला जमीन लागते

बहुतेक घरांत एक खोली अशी असते, की पाहुणे आले की तिचं दार आपण हळूच ओढून घेतो. आमच्या नगरच्या घरातली मागची खोली तशीच होती. रुंदी ८ फूट, लांबी १० फूट. सासूबाईंच्या काळी तिथं ज्वारीची पोती असायची. पुढे माझं पायमशीन तिथं आलं. साडीला फॉल लावणं, मुलांचे उसवलेले गणवेश शिवणं, उशांचे अभ्रे, दुपटी अशी बारीकसारीक कामं तिथं चालायची. मग सगळंच बाजारात तयार मिळू लागलं. मशीनवर आधी इस्त्रीचे कपडे साठले, मग वर्तमानपत्रांची रद्दी, आणि शेजारी बंद पडलेला कूलर येऊन बसला. शिवणाची खोली कधी अडगळीची झाली, ते कळलंही नाही.

२०११ साली अम्मी गेली. भावानं तिची लोखंडी पेटी माझ्याकडे आणून दिली, तीही त्याच खोलीत गेली. पेटीत अर्धी शिवलेली गोधडी आहे, हे मला ठाऊक होतं. नातीच्या लग्नात द्यायची म्हणून अम्मीनं ती घातली होती. २०२१ साली त्या नातीचं लग्न झालं, तेव्हाही मी पेटी उघडली नाही. २०२४च्या पावसाळ्यात मुलीनं फोनवर बाळाची गोड बातमी दिली आणि बोलता बोलता विचारलं, "अम्मी, नानीची ती गोधडी कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी खोली आवरायला घेतली.

इथं मी जी चूक केली ती आधी सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. मला वाटलं, खोली नीटनेटकी झाली की हात आपोआप कामाला लागेल. सुताराला बोलावलं. एका भिंतीला दीड फूट खोलीची कपाटं, मध्ये ३ फूट रुंद टेबल, दोऱ्याच्या रिळांसाठी छोटे खण. २७ हजार रुपये गेले. खोली अशी देखणी झाली, की आता मी पाहुण्यांना मुद्दाम तिथं नेऊ लागले. पण तीन महिन्यांत एक टाका पडला नाही.

शेवटी पलीकडच्या आक्का एके दुपारी आल्या. त्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढचं. सगळी खोली त्यांनी शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, "झकास केलीस गं. पण गोधडी अंथरायची कुठं?"

मी मोजलं. टेबल आणि कपाटं सोडून जमीन उरली होती साडेतीन फूट. अम्मीची गोधडी साडेचार फूट रुंद होती!

गोधडी कशी घालतात हे ज्यांनी पाहिलं नसेल, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. आधी जमीन झाडून-पुसून घ्यायची. त्यावर खालचं अस्तर, म्हणजे जुन्या सुती साडीचं किंवा चादरीचं धड कापड. त्यावर जुन्या कपड्यांचे थर. एका थरात कापड जिथं विरलेलं असेल, तिथं पुढच्या थरात जाड तुकडा येईल असं बघायचं. वरून एखादी बऱ्यातली साडी किंवा ठिगळं जोडून केलेला पदर. मग तळहातानं मधून कडेकडे सुरकुत्या सारत न्यायच्या आणि चार कोपऱ्यांवर वरवंटा, धान्याचे डबे असं काहीतरी जड ठेवायचं. लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून घ्यायचे, आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा. दोन बोटांचं अंतर ठेवून चौकोनी फेरे घेत घेत मध्यापर्यंत जायचं.

हे सगळं जमिनीवरच का? कारण थर सरकतात. टेबलावर घेतलं तर बाहेर आलेली बाजू खाली लोंबते, तिच्या वजनानं आतले थर ओढले जातात आणि पोटात घडी पडते. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी रजई लाकडी चौकटीवर ताणून बसवण्याची रीत आहे. आपल्याकडे शिवणारी बाईच गोधडीवर बसते. तिचं वजन हीच चौकट.

साडेचार बाय साडेसहा फुटांच्या गोधडीला किती टाके लागत असतील, याचा मी एकदा हिशेब केला. इंचाला तीन टाके धरले, तर जवळजवळ १० हजार होतात. हे टाके नुसते शोभेचे नसतात. थरांमध्ये अडकून राहिलेली हवा ऊब धरते, आणि टाके त्या थरांना जागच्या जागी ठेवतात. म्हणून दाट टाक्यांची गोधडी कितीही धुतली तरी तिचा गोळा होत नाही. जुनंच कापड घेण्यालाही कारण आहे. शेकडो वेळा धुऊन त्याची खळ आणि ताठरपणा गेलेला असतो, त्यामुळे ते अंगाला टोचत नाही.

नगर जिल्ह्यात गोधडी नवी नाही. कर्जतच्या ग्रामदैवताचं, संत गोदड महाराजांचं, नावच बघा. कामिका एकादशीला त्यांचा रथ निघतो. सूफी परंपरेत पीर आपल्या मुरीदाला ठिगळांचा खिरका देत असे. संतांच्या आणि फकिरांच्या अंगावर गेलं की ठिगळ वैराग्याची खूण होतं. आमच्या आया-आज्यांच्या हातात मात्र ती साधी काटकसर होती. आमच्या दखनी बोलीत तिला गुदडी म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात वाकळ म्हणतात. घालण्याची रीत सगळ्यांची सारखीच.

हे काम मागं पडलं त्यालाही कारणं आहेत. सोलापुरी चादर आली, पानिपतचे ब्लँकेट आले. गंमत अशी, की पानिपतच्या कारखान्यांत परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे पिंजून त्याचं सूत काढतात आणि ब्लँकेट विणतात. म्हणजे जुन्याची ऊब करण्याचं काम तिथं यंत्रावर गेलं. इकडे आपल्या जुन्या साड्या बोहारणीच्या गाठोड्यात गेल्या आणि घरात स्टीलची पातेली आली. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे साड्याच बदलल्या. सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल हवेतून धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे त्याच्या गोधडीत घाम जिरत नाही, आणि गुळगुळीत असल्यानं थर एकमेकांवरून घसरतात.

जगात इतरत्र हेच काम करणाऱ्या बायका आहेत. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ भागात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत आणि तिन्हींच्या बायका 'कवंदी' नावाची गोधडी घालतात. कोपऱ्यापासून सुरुवात करून आत आत जायचं, अगदी आपल्यासारखंच. शेवटी चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं काळ्या शेतमजुरांचं गाव आहे. तिथल्या बायकांनी शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या केल्या. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ साली त्यांची चित्रं अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. त्या घातल्या होत्या मात्र थंडीसाठी.

आता आमच्या खोलीकडे परत येते. टेबल पुतण्याला अभ्यासाला दिलं. खालची कपाटं स्वयंपाकघरात गेली. भिंतीवरची एक फळी तेवढी ठेवली. कपाटामागे झाकली गेलेली पूर्वेची खिडकी मोकळी झाली. फरशी गार लागते म्हणून सतरंजी टाकली. एवढंच. दुसऱ्यांदा केलेल्या या बदलाला एक पैसा लागला नाही.

उजेडाचं एक लक्षात ठेवा. उजव्या हातानं शिवणाऱ्यानं खिडकी डाव्या अंगाला येईल असं बसावं, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. चाळिशी ओलांडल्यावर डोळ्यांना तरुणपणापेक्षा जास्त उजेड लागतो, तेव्हा ढगाळ दिवसासाठी मान वळणारा एक एलईडी दिवा जवळ असावा. सुई ओवता येत नाही म्हणून काम सोडलेल्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. दोष हाताचा नव्हता, उजेडाचा होता.

कापडाची निवड करताना कडेचा एक धागा काढून जाळून बघावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. खळ असलेलं कापड धुतल्याशिवाय ठेवू नये, खळीला कसर लागते. ठिगळं जोडायला मशीन काढलं, तर ते जाम झालेलं. जुनं तेल वाळून चिकट झालं होतं. कारागिरानं रॉकेलनं ते सोडवलं, पुसलं, नवं तेल घातलं आणि चामडी पट्टा बदलला. मशीनच्या सुईवर ९०/१४ असे आकडे असतात. त्यातला पहिला म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सुईची जाडी. साध्या सुती कापडाला ही सुई चालते, जीन्सचा तुकडा जोडायचा तर १००/१६ घ्यावी.

हे सगळं झाल्यावर पेटी उघडली. गोधडी जशी घडी घातली होती तशीच होती. सुई अजून कापडात होती. ती गंजून तिथं तपकिरी डाग पडला होता. थर उलगडून पाहिले. अब्बांची चौकड्यांची लुंगी, माझ्या शाळेचा निळा स्कर्ट, अम्मीची हिरवी सुती साडी. माणूस गेल्यावर त्याचे कपडे गरजूंना देण्याची आमच्याकडे रीत आहे, आणि अम्मीनंही अब्बांचे कपडे वाटले होते. ही एक लुंगी तिनं मागं ठेवलेली, हे मला त्या दिवशी कळलं.

तिचे चौदा फेरे झाले होते. मध्ये दीड फूट रुंद, साडेतीन फूट लांब जागा रिकामी होती. दोनेक हजार टाक्यांचं काम. तिचे टाके ज्वारीच्या दाण्याएवढे होते, माझे पडत होते शेंगदाण्याएवढे. चार दिवस मी शिवायची आणि उसवायची. आक्का ते बघत होत्या. म्हणाल्या, "उसवू नकोस. तिचं तिचं, तुझं तुझं. ऊब काय टाके मोजून येती व्हय?" मग त्या स्वतःच दुसऱ्या बाजूला बसल्या. त्यांच्या मागोमाग त्यांची सून आली, चार दिवसांनी समोरच्या भाभी आल्या.

तेव्हा मला आठवलं, अम्मीकडे शिवणाची वेगळी खोली कधीच नव्हती. दुपारची भांडी झाली की ओसरीवर गोधडी अंथरली जायची आणि येणारी-जाणारी बाई सुई ओवून टेकायची. एका गोधडीवर चौघी असायच्या. आम्ही पुढे खोल्या केल्या, दारं केली आणि दारं लावून घेतली. माझं शिवण सुटलं त्याला अडगळ हे कारण होतंच, पण शेजारी बसणारं कुणी उरलं नव्हतं, हे त्याहून मोठं कारण होतं.

तेव्हा कुणाला पुन्हा हातकामाकडे वळायचं असेल, तर माझं सांगणं एवढंच. आधी कपाटं करू नका. दोन माणसं समोरासमोर बसतील एवढी जमीन मोकळी करा, खिडकी उघडा आणि अर्धवट राहिलेलं एखादं काम तिथं अंथरून ठेवा. घडी घालून आत ठेवलं, की ते पुन्हा तेरा वर्षं राहतं.

गोधडी वीस दिवसांत पुरी झाली. नातू आता तिच्यावर पालथा पडतो. अम्मीचे टाके कुठं संपतात आणि माझे कुठं सुरू होतात, ते लांबूनही दिसतं. गंजाचा डागही गेलेला नाही. मी तो काढायचा प्रयत्न केला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)