सायकल, राहुटी आणि घरची कारागिरी

आगगाडीनें किंवा मोटारीनें जाणारा मनुष्य आपल्या सामानाच्या वजनाचा फारसा विचार करीत नाहीं. तें ओढणारें एंजिन निराळें असतें. सायकलीवर मुक्कामाचें सामान लादून निघणाऱ्या प्रवाशाचें तसें नाहीं. त्याचें एंजिन म्हणजे त्याचेच दोन पाय. अंथरूण, भांडीं आणि राहुटी यांचा हिशेब त्याला प्रत्येक चढावर चुकता करावा लागतो. म्हणून या छंदाचा इतिहास हा मुख्यतः ओझें घटविण्याचा आणि उरलेलें ओझें पेलण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे. त्यांतल्या कित्येक युक्त्या मोठ्या कारखान्यांतून नव्हे, तर हौशी माणसांच्या हातून निघाल्या.

अशा माणसांत पहिला मान टॉमस हायरम होल्डिंग याचा. १८४४ सालीं जन्मलेला हा गृहस्थ लंडनमध्यें शिंप्याचा धंदा करी. लहानपणीं, १८५३ मध्यें, अमेरिकेंतील माळरानें ओलांडणाऱ्या तांड्याबरोबर त्यानें तंबूंत दिवस काढले होते; ती गोडी पुढें कधीं सुटली नाहीं. १८९७ मध्यें तो सोबत्यांसह आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॉनेमारा प्रांतांत सायकलीवरून हिंडला आणि वाटेंत राहुटी ठोकून राहिला. पुढच्याच वर्षीं त्यानें त्या प्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतून समानधर्मी लोक एकत्र आले व १९०१ मध्यें सायकलीवरून मुक्कामाचे प्रवास करणारांची संस्था इंग्लंडांत स्थापन झाली. होल्डिंगचें खरें कर्तृत्व मात्र त्याच्या धंद्याशीं निगडित होतें. कोणतें कापड किती भरतें आणि शिवण कोठें ताण घेते, हें शिंप्याला सांगावें लागत नाहीं. सायकलीवर सहज बांधतां येईल अशी हलकी राहुटी त्यानें स्वतः योजिली.

हलकेपणाचा हा आग्रह कां, हें साध्या गणितानें समजतें. प्रवासी ६० किलो, सायकल २० किलो आणि सामान २० किलो, मिळून १०० किलो झाले. घाट चढतांना हें सारें वजन उंचावर न्यावें लागतें. सामानांतून ५ किलो काढले, तर उंची गाठण्याचे श्रम शेंकडा ५ नीं कमी होतात. सपाट रस्त्यावर हा फरक फारसा जाणवत नाहीं. चढावर मात्र दर वळणाला जाणवतो.

परंतु कितीही काटकसर केली तरी कांहीं ओझें उरतेंच. तें पेलण्याचा मार्ग फ्रान्समधील पॉल द व्हिव्ही यानें शोधिला. योगायोग असा कीं, हाही कापडाच्याच जगांतला, सेंत एतिएन गांवचा रेशमाचा व्यापारी. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें तो लिहीत असे, आणि १८८७ पासून त्यानें सायकलीविषयीं स्वतःचें नियतकालिक चालविलें. त्याच्या गांवाजवळचा रस्ता ११६१ मीटर उंचीच्या खिंडींतून जातो. तो चढ एकाच गतीच्या सायकलीला जड जाई. तेव्हां त्यानें पुढें लहानमोठीं दोन दंतचक्रें बसवून साखळी हातानें एकावरून दुसऱ्यावर टाकण्याची सोय केली, आणि पुढें सुधारणा चालूच ठेविल्या. शर्यतीच्या जगाला ही सोय दुर्बळाची वाटे. ‘तूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतींत साखळी सरकविणाऱ्या यंत्राला १९३७ पर्यंत मुभा मिळाली नाहीं. विजयी वीराला न लागणारी वस्तु सामान्य प्रवाशाला किती लागते, याचा विचार प्रथम प्रवाशांनींच केला.

या युक्तीचें मर्म अवघड नाहीं. समजा, पुढील चक्राला ४४ व मागील चक्राला १८ दांते आहेत. पायडलाचा एक फेरा झाला कीं मागचें चाक सुमारें अडीच वेळां फिरतें, आणि २८ इंची चाकाची सायकल साधारण साडेपांच मीटर पुढें सरकते. मागें २२ दांत्यांचें चक्र बसविलें तर तेवढ्याच फेऱ्यांत ती सुमारें साडेचार मीटर जाते. अंतर घटलें, पण त्याच प्रमाणांत पायांवरील जोरही घटला. वेग द्यावा आणि बळ घ्यावें, असा हा सौदा आहे. दुकानदाराकडून मागचें चक्र बदलून घेतां येतें; मात्र साखळीची लांबी त्याबरोबर तपासावी लागते.

ओझें किती, याइतकेंच तें कोठें आहे यालाही महत्त्व आहे. पाठीवरची पिशवी खांदे दुखविते आणि तोल वर नेते. कॅरिअरवर रचलेला उंच ढीग वळणावर सायकलीला झोल देतो. उत्तम जागा म्हणजे चाकाच्या दोहों बाजूंना, आंसाच्या जवळपास खालीं, सारख्या वजनाच्या दोन पिशव्या. जाड कॅनव्हास, पाठीला पातळ फळी आणि लोखंडी आंकडे, एवढ्या साहित्यांत त्या घरीं तयार होतात. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनीं त्या आंवळतां येतात. टांचा पिशवीला लागूं नयेत, आणि पिशवीचें खालचें टोक बांधलेलें असावें. नाहींतर तें आऱ्यांत अडकून चाक जाम होतें.

घरच्या कारागिरीला येथें एक मर्यादा आहे. पिशवी फाटली तर मुक्काम लांबतो. पुढचा चिमटा मोडला तर प्राणावर बेततें. म्हणून सांगाड्याच्या नळ्यांना भोंकें पाडणें, चिमट्याला डाग देऊन जोड लावणें किंवा एकाच ब्रेकवर भरवसा ठेवणें, हे प्रयोग हौशी माणसानें करूं नयेत. भरलेली सायकल उतारावर रिकामीपेक्षां दूरवर जाऊन थांबते. प्रवासाला निघण्यापूर्वीं पूर्ण सामानासह एकदां गांवाबाहेरच्या उतारावर ती थांबवून पाहिली, म्हणजे पुढील मोठ्या घाटांत पश्चात्तापाची वेळ येत नाहीं.

होल्डिंग आणि व्हेलोसिओ हे दोघेही १९३० मध्यें वारले. एकानें ओझें हलकें केलें, दुसऱ्यानें चढ सौम्य केला. दोघांनाही ही विद्या प्रवासांत पडलेल्या अडचणींनीं शिकविली, आणि ती त्यांनीं आपल्यापाशीं न ठेवतां छापून सर्वांना दिली. आज कोणी शनिवारीं सायकलीला दोन पिशव्या अडकवून गांवाबाहेर निघाला आणि रात्रीं झाडाखालीं राहुटींत निजला, तर त्या सुखांत एका शिंप्याचा आणि एका रेशीमवाल्याचा वांटा असतो.